विषाणू दबला, प्रतिकारशक्तीचे काय?

एचआयव्हीवरील उपचारांचे यश आज मुख्यतः व्हायरल लोड, म्हणजे रक्तातील विषाणूंचे प्रमाण पाहून ठरवले जाते. नियमित गोळ्यांनी बहुतेक रुग्णांत ते काही महिन्यांतच चाचणीत न सापडण्याइतके घटते. ते तसे टिकले तर लैंगिक संबंधांतून संसर्गही पसरत नाही. मात्र विषाणू दबला म्हणजे प्रतिकारशक्ती पूर्ववत झाली, असे नव्हे.

प्रतिकारशक्तीचा अंदाज देतात त्या सीडी४ पेशी. निरोगी व्यक्तीच्या एक घनमिलिमीटर रक्तात त्या साधारण ५०० ते १,५०० असतात. २०० च्या खाली गेल्या की क्षयरोग, न्यूमोनिया, बुरशीजन्य मेंदूज्वर यांचा धोका खूप वाढतो. औषधे सुरू झाल्यावर पहिले काही महिने ही संख्या वेगाने वाढते, मग वाढ मंदावते. काहींमध्ये विषाणू वर्षानुवर्षे दबलेला असूनही ती पुरेशी वाढतच नाही. उशिरा उपचार सुरू झालेल्यांत आणि वयस्कर रुग्णांत हे अधिक आढळते. नव्या टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी वयानुसार आक्रसते; शिवाय लसिकाग्रंथी आणि आतड्यांचे झालेले नुकसान पूर्ण भरून येत नाही. ही उणीव हमखास भरून काढणारे औषध अद्याप नाही.

म्हणूनच उपचार कधी सुरू होतात, हे निर्णायक ठरते. भारतात २००४ मध्ये सरकारी केंद्रांतून मोफत औषधे मिळू लागली, तेव्हा सीडी४ खूप घटेपर्यंत बहुतेकांना थांबावे लागे. लवकर उपचारांचा फायदा २०१५ मध्ये ‘स्टार्ट’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत स्पष्ट झाला. २०१७ पासून देशात निदान होताच, सीडी४ कितीही असो, औषधे दिली जातात.

धोरण बदलले, तरी बदनामीच्या भीतीने तपासणी टाळणारे अनेक जण आजार बळावल्यावरच केंद्रात पोहोचतात. काही जण मध्येच गोळ्या सोडतात आणि खालावलेल्या प्रकृतीने परततात. अशांसाठी केवळ व्हायरल लोड पुरेसा नाही. म्हणूनच निदानाच्या वेळी आणि खंडानंतर परतलेल्यांची सीडी४ तपासणी करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संख्या २०० च्या खाली असेल तर क्षयरोग आणि मेंदूज्वराचा शोध तातडीने घेता येतो.

२०२५ मध्ये अमेरिकेने मदतीला कात्री लावल्यानंतर आफ्रिकेतील अनेक देशांत एचआयव्ही सेवा विस्कळीत झाल्या. भारताचा कार्यक्रम बव्हंशी स्वतःच्या निधीवर चालतो, ही जमेची बाजू. पण मोफत गोळीचा पूर्ण लाभ वेळेवर तपासणी झाली तरच मिळतो.