गरम दूध आणि प्लास्टिकची बाटली

गेल्या रविवारी आम्ही शेजारच्या चाळीत एका घरी गेलो होतो. घरात आठ महिन्यांचे बाळ. आई कामावर जाते, म्हणून वरचे दूध. आजीबाईंनी पातेल्यातले वाफाळते दूध सरळ प्लास्टिकच्या बाटलीत ओतले आणि बाटली गार पाण्यात ठेवली. आम्ही म्हणालो, "आजी, आधी गार करा, मग भरा." त्या म्हणाल्या, "भाऊ, बाटली चांगली उकळून घेतलीय. आता जंतू कुठले राहतात?"

जंतूंविषयी आजींचे बरोबरच होते. आम्हाला काळजी बाटलीचीच होती.

आपल्या शरीरात थायरॉईड, स्वादुपिंड, अंडाशय अशा ग्रंथी आहेत. त्या रक्तात जे रस सोडतात त्यांना हार्मोन म्हणतात. बाळाची वाढ, मेंदूची घडण, पाळी, गर्भ राहणे, रक्तातली साखर, सारे त्यांच्या हुकमावर चालते, आणि हुकमाला रस लागतो अगदी कणभर. काही रसायने या हार्मोनची नक्कल करतात किंवा त्यांची वाट अडवतात. म्हणून "एवढ्याशाने काय होतंय" हा आपला नेहमीचा सवाल येथे चालत नाही. पोटातल्या व तान्ह्या बाळाला तर मुळीच नाही.

असेच एक रसायन म्हणजे बिस्फेनॉल-ए. काचेसारखे कडक, पारदर्शक प्लास्टिक त्यापासून बनते. ते स्त्री-हार्मोनसारखे वागते हे इंग्लंडच्या चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवले होते. तरी पुढे त्याच्याच दुधाच्या बाटल्या झाल्या!

१९९८ साली अमेरिकेत पॅट्रिशिया हंट या संशोधक बाई उंदरांच्या माद्यांवर काम करीत होत्या. एकदा कोणीतरी चुकून फरशी धुण्याच्या जहाल साबणाने प्लास्टिकचे पिंजरे आणि पाण्याच्या बाटल्या धुतल्या. प्लास्टिक खराब झाले, त्यातून बिस्फेनॉल-ए सुटू लागले. माद्यांच्या अंड्यांत गुणसूत्रांची मांडणी बिघडण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन असायचे, ते चाळीसवर गेले. कारण नक्की करून ते छापायला २००३ साल उजाडले. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे आम्हाला मान्य. पण जहाल पावडर, घासणी आणि चरे पडलेले प्लास्टिक कोणाच्या मोरीत नाही?

युरोपने २०११ साली बाळाच्या बाटल्यांत या रसायनाला बंदी केली. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोने २०१५ च्या मानकात तेच केले. २०२३ साली युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने त्याची रोजची सुरक्षित मात्रा वीस हजार पटींनी खाली आणली. आम्ही हिशेबाचे माणूस, एवढी मोठी दुरुस्ती आम्ही कुठल्या खातेवहीत पाहिली नाही. 'बीपीए-फ्री' छापलेल्या मालात पुष्कळदा त्याचेच भावंड बिस्फेनॉल-एस असते, आणि तेही हार्मोनशी तसेच खेळते.

प्लास्टिकमधली रसायने उष्णतेने आणि तेला-तुपाने जास्त सुटतात. म्हणून गरम चहा पिशवीतून आणू नये, किटली न्यावी. उकळती आमटी, तळलेली भजी प्लास्टिकच्या डब्यात भरू नयेत. स्टीलचा डबा आपल्या घरात आहेच. भगिनींनो, जुने कपडे देऊन बोहारणीकडून प्लास्टिकचा टब घेता, त्याऐवजी एखादे स्टीलचे पातेले मागा. दोन साड्या जास्त मागेल, मागू द्या.

आमचेही सांगतो. कचेरीत दिवसभर मशीनच्या गुळगुळीत पावत्या हाताळतो. बऱ्याच पावत्यांच्या लेपात हेच रसायन असते आणि ते बोटांना लागते. आता जेवणाआधी हात साबणाने धुतो, आणि बोट जिभेला लावून पावत्या मोजणे सोडले. वीस वर्षांची सवय, अजून चुकतो.

आजींनी त्या दिवशी वाटी-चमचा काढला. बाळाने निम्मे दूध अंगावर सांडले, आणि फडके आणायला आजींनी आम्हालाच उठवले.