जाळीची उंची

5 सप्टेंबर 2021, रविवार. टोकियोच्या पॅरालिम्पिकमधला बॅडमिंटनचा अंतिम सामना दूरचित्रवाणीवर चालू होता. एका बाजूला आपला जयपूरचा कृष्णा नागर, दुसऱ्या बाजूला हाँगकाँगचा चू मान काई. पुरुष एकेरीतला हा गटच कमी उंचीच्या खेळाडूंचा. माझा नातू शेजारी बसून बघत होता. मध्येच त्याने विचारले, "आजोबा, जाळी तर त्यांच्या डोक्याच्याही वर आहे. मग त्यांना पलीकडचं दिसतं कसं?"

मी बँकेत उभी हयात काढलेला माणूस. आकडे बघितल्याशिवाय मला उत्तर देता येत नाही. बॅडमिंटनची जाळी मध्यभागी पाच फूट आणि खांबांपाशी पाच फूट एक इंच. या गटाचे कागदोपत्री नाव 'एसएच 6'. त्यात खेळायचे तर पुरुषाची उंची 145 सेंटिमीटरच्या वर असून चालत नाही. म्हणजे गटातला सर्वांत उंच गडीसुद्धा जाळीच्या चांगला चार बोटे खालीच. कृष्णा नागर तर साडेचार फुटांच्याही आत. बरे, मैदानात काही सूट? तीही नाही. एका पायाने फार अधू असलेल्यांना किंवा चाकाच्या खुर्चीतून खेळणाऱ्यांना एकेरीत अर्धे मैदान असते. यांना मात्र तेच 44 फूट लांब, 17 फूट रुंद, तुमच्याआमच्यासारखे.

आता याचा खेळावर काय परिणाम होतो ते बघा. उंच खेळाडू दोन ढांगांत मागची रेषा गाठतो, तिथे याला चार पावले लागतात. उंच माणूस उभ्याउभ्या फूल खाली दाबतो, याला त्यासाठी जमीन सोडून उडी मारावी लागते. जाळीलगत पडणारे फूल उचलायचे तर ते सरळ वर काढावे लागते आणि ते जरा जास्त वर गेले की समोरचा टपलेलाच. पण समोरचाही तेवढाच, हे सगळ्यात महत्त्वाचे. म्हणून हा सामना दयेचा विषय होत नाही, सामनाच राहतो. आम्ही दोघे पाच मिनिटांत उंची विसरलो आणि नुसते गुण मोजू लागलो. 21-17, 16-21, 21-17. कृष्णाला सुवर्ण. त्याच वर्षी त्याला खेलरत्नही मिळाले. टोकियोत कमी उंचीच्या स्त्रियांसाठी स्पर्धाच नव्हती. ती 2024 मध्ये पॅरिसला आली आणि तमिळनाडूच्या नित्या श्री सिवनने कांस्य जिंकले. पुरुषांचे सुवर्ण त्या वेळी फ्रान्सच्या चार्ल्स नोआक्सकडे गेले.

बॅडमिंटनचा विषय निघाला की पुणेकराची मान जरा ताठ होते. एकोणिसाव्या शतकात इथल्या लष्करी छावणीतले गोरे साहेब हा खेळ खेळत आणि त्याला चक्क 'पूना' म्हणत. परदेशात जाऊन आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू नंदू नाटेकर. जन्म सांगलीचा, उत्तरायुष्य पुण्यात. 28 जुलै 2021 रोजी ते इथेच गेले. कृष्णाचा विजय त्यांना सहा आठवड्यांनी चुकला. आजही सांगलीचा सुकांत कदम पुण्यात सराव करून पॅरालिम्पिकपर्यंत जातो. त्याचा गट वेगळा. एकूण खेळाच्या बाबतीत आपले शहर मागे नाही.

खेळाबाहेर मात्र आपल्याकडे या माणसांसाठी धड शब्दसुद्धा नाही. बुटका, ठेंगू, दीडफुट्या. सर्कशीतला विदूषक, सिनेमातला हशा. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात यांचा वेगळा उल्लेख नव्हता. 2016 च्या कायद्याने ही संख्या 21 केली आणि चार फूट दहा इंच किंवा त्याहून कमी उंचीच्या प्रौढांना नावानिशी जागा दिली. पॅरिसमध्ये भालाफेकीचे सुवर्ण मिळवणाऱ्या नवदीपच्या हातून टोपी घालून घेण्यासाठी पंतप्रधान जमिनीवर बसले. ते छायाचित्र सर्वांनी पाहिले आणि मलाही आवडले. पण सरकारी कचेरीतली खिडकी काही खाली बसत नाही. इमारती सर्वांना वापरता याव्यात म्हणून केलेले निकष नुसत्या शिफारशी ठेवून भागणार नाही, तीन महिन्यांत बंधनकारक नियम करा, असे सर्वोच्च न्यायालयाला 8 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्र सरकारला बजावावे लागले, ते उगीच नाही.

हे मी दुसऱ्यांकडे बोट दाखवून लिहीत नाही. 1980 च्या दशकात मी पुण्यातल्या एका पेठेतल्या शाखेत होतो. कोणती बँक ते असो. घड्याळे दुरुस्त करणारे एक गृहस्थ आमचे खातेदार होते. उंची जेमतेम चार फूट. रोखपालाने टोकन पुकारले की काउंटरच्या कडेवर नुसता एक हात आणि पितळी टोकन दिसे, आणि रांगेत खसखस पिके. मला वाईट वाटे. म्हणून मी त्यांना आत माझ्या टेबलापाशी बसवून पैसे तिथेच मागवू लागलो, चहाही सांगू लागलो. चार-पाच वेळा त्यांनी तो घेतला. मग एकदा म्हणाले, "साहेब, चहा नको. पैसे काउंटरवरच द्या. सगळ्यांना तिथंच मिळतात."

मला ते लागले. इतके करून हा माणूस असे बोलतो! वर्षा-दोन वर्षांनी शाखेचे नूतनीकरण निघाले. नव्या काउंटरचा आराखडा माझ्या टेबलावर आला. आधीपेक्षा अर्धा फूट उंच, वर काच. सुतार बाहेरच उभा होता. एका कोपऱ्यात तीन फूट फळी खाली घ्या म्हटले असते तर त्याने पेन्सिलीने तिथल्या तिथे खूण केली असती. मी आराखड्यावर सही केली आणि कागद पुढे पाठवला.

बॅडमिंटनच्या जाळीची उंची जगभर ठरलेली आहे, आणि ती उतरवा असे कृष्णा नागर म्हणत नाही. आमच्या काउंटरची उंची कुठल्याही नियमपुस्तकात नव्हती. ती मीच मंजूर केली होती.

नातवाला मी त्या दिवशी एवढेच सांगितले की जाळीला भोके असतात, त्यातून पलीकडचे दिसते. त्याचे समाधान झाले आणि तो खेळायला पळाला. घड्याळवाले गृहस्थ नव्या काउंटरनंतर शाखेत येईनासे झाले. महिन्याकाठी त्यांचा भाऊ बेअरर चेक घेऊन यायचा. चेकवरची सही त्यांचीच, वळणदार, एकदाही न चुकलेली. माझी बदली होईपर्यंत ती मी नमुन्याशी ताडून पास करीत राहिलो.