नाव कार्पाचो, प्लेटमध्ये बीट

हल्ली मोठ्या हॉटेलांच्या मेन्यूकार्डावर ‘बीटरूट कार्पाचो’ दिसतं. मागवावं, तर बिटाच्या पातळ चकत्या, वर चीजचे चार तुकडे, आणि बिल बघून डोळे पांढरे! टेबलावरचं कोणीतरी जाणकार मग हमखास म्हणतं, ‘‘छे, हे काही अस्सल नव्हे.’’

अस्सल म्हणजे काय हो?

कार्पाचो जन्मलं व्हेनिसच्या ‘हॅरीज बार’मध्ये. मालक ज्युसेप्पे चिप्रियानी. अमालिया नानी मोचेनिगो ही खानदानी बाई त्यांची नेहमीची गिऱ्हाईक. डॉक्टरांनी तिला शिजवलेलं मांस बंद केलं होतं. चिप्रियानींनी तिच्यासाठी गोमांसाचे कच्चेच, कागदासारखे पातळ काप केले. वर मेयॉनीज, वूस्टरशायर सॉस, लिंबू आणि थोडं दूध यांचा सॉस रेघोट्यांसारखा सोडला. लाल-पांढरे रंग बघून त्यांना व्हेनिसचा जुना चित्रकार वित्तोरे कार्पाचो आठवला आणि झालं बारसं!

या बारशाची तारीख मात्र जुळत नाही. चिप्रियानींच्या घरचे १९५० साल सांगतात. ज्या चित्रप्रदर्शनावरून नाव सुचलं म्हणतात, ते भरलं १९६३ मध्ये!

आणखी एक गंमत. रुकोलाची पानं आणि पार्मेजान चीज असलं की अनेकांना कार्पाचो अस्सल वाटतं. मूळ पदार्थात ही दोन्ही नव्हती. होता तो वूस्टरशायर सॉस, तोही इंग्लंडचा. कच्च्या मांसाची कल्पनाही नवी नव्हे. पिएमाँत भागातल्या आल्बा गावची लिंबू आणि ऑलिव्ह तेल घातलेली ‘कार्ने क्रूदा’ याहून जुनी. म्हणजे ही काही आजीच्या हातची परंपरा नाही. एका गिऱ्हाइकाची अडचण ओळखून हॉटेलवाल्यानं केलेली ती सोय आहे.

मग शाकाहारी बाईसाठी कोणी बिटाचं कार्पाचो केलं, तर नाक कशाला मुरडायचं? ‘बीटरूट’ असं स्पष्ट लिहिलंय ना, मग त्यात फसवणूक नाही.

आमची हरकत वेगळी आहे. नुसतं ‘कार्पाचो’ लिहायचं आणि कधी कच्चं, कधी धुरी दिलेलं, कधी शिजवलेलं मांस वाढायचं, हे बरं नव्हे. कारण हा नुसता चवीचा प्रश्न नाही. गरोदर बाईला डॉक्टर कच्चं मांस टाळायला सांगतात, त्यातून होणारा संसर्ग पोटातल्या बाळाला बाधू शकतो म्हणून. समोर येणारं मांस कच्चं आहे, हे तिला मेन्यूकार्ड वाचूनच कळायला हवं.

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी ‘‘अस्सल आहे का?’’ असं विचारूच नका. ‘‘यात काय काय आहे, आणि कच्चं आहे की शिजवलेलं?’’ असं विचारा. अगदी न लाजता. व्हेनिसच्या त्या बाईनं आपलं पथ्य मोकळेपणानं सांगितलं, म्हणून तर हा पदार्थ जन्मला!