ओळखीतली गाडीही तपासूनच घ्या

कापडाचा व्यापारी गठ्ठा घेताना आतला ताका उलगडून पाहतो. सुतार लाकूड घेताना ते उलटेपालटे करून त्याची चीर आणि कीड शोधतो. हाच माणूस जुनी व्हॅन किंवा टेम्पो घ्यायला गेला की दोनदा दार उघडतो, हॉर्न वाजवतो आणि विसार देऊन मोकळा होतो. विचारले तर उत्तर ठरलेले असते, "मालक आपल्याच मोहल्ल्यातला आहे, पाच वक्ताचा नमाजी आहे. त्याच्यासमोर मेकॅनिक उभा केला तर त्याला काय वाटेल?"

हा संकोच सोडला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. बेकरीवाला, फर्निचरचा कारागीर, फळांचा व्यापारी यांच्यासाठी गाडी ही चैन नसून धंद्याचे हत्यार आहे. ती पंधरा दिवस गॅरेजात पडली तर पंधरा दिवसांची रोजी बुडते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. मग भिजलेला भाग लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाहीस, असे आपण (स.) विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. सहीह मुस्लिममधील ही हदीस आपण नेहमी विक्रेत्याला ऐकवतो. पण ओल कळली ती ढिगात हात घातला म्हणून, हे खरेदीदारानेही ध्यानात घ्यावे. हात घालून पाहणे हा कोणाचा अपमान नव्हे.

जुन्या गाड्यांना तर ही भिजलेल्या धान्याची गोष्ट जशीच्या तशी लागू पडते. २६ जुलै २००५ ला मुंबईत, २०१९ मध्ये सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ मध्ये चिपळुणात असंख्य गाड्या पाण्यात गेल्या. अशी गाडी धुऊन-पुसून उभी केली की वरून काही कळत नाही. म्हणून सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहा. मुळाशी गाळाचा डाग राहिलेला असतो. सीट ज्या पट्ट्यांवर सरकते त्यांचा गंज पाहा, खालचा गालिचा उचलून तळ हाताने चाचपा. आत अत्तराचा घमघमाट असेल तर जास्तच चाचपा. पुरातल्या गाडीचे इंजिन एकवेळ चालते, वायरिंग मात्र पुढे फार छळते.

गाडी दिवसाउजेडी पाहा आणि ती आधी सुरू करून ठेवू नका असे मालकाला कळवा. गेल्यावर इंजिन गरम लागले तर सलाम करून दुसऱ्या दिवशी सकाळी या. थंड इंजिन सुरू होतानाच खरे बोलते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. इंजिन तापल्यावरही दाट पांढरा धूर थांबत नसेल आणि ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर असेल, तर पाणी आत उतरत असण्याची दाट शंका घ्यावी. पातळ कापडात गुंडाळलेले चुंबक पत्र्यावर फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे लांबी भरलेली असते. किलोमीटरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. मीटर तीस हजार सांगते आणि पेडलचे रबर झिजून गुळगुळीत झालेले आहे, तर पेडलचे ऐका. टेम्पो असेल तर माल भरून चढावर नेल्याशिवाय सौदा करू नका, कारण रिकामा टेम्पो सगळेच चांगले पळतात.

मेकॅनिक बरोबर न्यावा हे सगळेच सांगतात. कसा न्यावा हे कोणी सांगत नाही. गॅरेजच्या धंद्यात आपले बांधव मोठ्या संख्येने आहेत, म्हणून हे लिहिणे भाग आहे. खरेदीदाराच्या वतीने गाडी तपासायची आणि सौदा झाल्यावर विकणाऱ्याकडून गुपचूप दलाली घ्यायची, अशी रीत काही ठिकाणी पडली आहे. खरेदीदाराने सोपवलेले काम ही अमानत आहे आणि तिच्यावर असा पैसा घेणे ही खियानत आहे, मग त्याला कोणी 'चहापाणी' म्हणो. पण दोष खरेदीदाराचाही आहे. 'जरा बघून दे' म्हणत कारागिराचा अर्धा दिवस मोडायचा आणि चहावर बोळवण करायची, तर त्याने घर कशावर चालवावे? तपासणीची मजुरी आधी ठरवा आणि सौदा फिसकटला तरी द्या. 'ही गाडी घेऊ नका' म्हणणाऱ्याला तर ती खुशीने द्या, त्याने तुमचे हजारो रुपये वाचवलेले असतात.

विकणाऱ्यानेही 'जशी आहे तशी' या तीन शब्दांआड लपू नये. गिअरबॉक्स एकदा उघडला होता, गाडी एकदा ठोकली होती, हे आपल्याला ठाऊक असेल तर ते सांगावे आणि किंमत त्याप्रमाणे लावावी. लपवलेला ऐब निघाला तर माल परत करण्याचा हक्क फिक्हने खरेदीदाराला दिला आहे; त्याला खियार-ए-ऐब म्हणतात.

कागदांचे थोडक्यात. चॅसिस आणि इंजिनाचा नंबर गाडीवर स्वतः वाचून आरसी बुकाशी ताडून घ्या. बँकेचा बोजा आणि थकलेली चलाने पाहा. बोजा असेल तर तो उतरवणारा फॉर्म ३५ हाती येईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून गाडी वर्षानुवर्षे जुन्याच नावावर फिरवण्याची सवय दोघांनाही घातक आहे. गाडी नावावर झाली नसेल तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच मालक धरला जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला आहे. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे असते, आणि विमा आपल्या नावावर करून घेण्यासाठी खरेदीदारालाही तेवढीच मुदत आहे. किल्ली हातात देताना तारीख आणि वेळ घालून दोन साक्षीदारांच्या सह्यांची पावती करा. विकणारा सख्खा मेहुणा असला तरी करा.