शिकेल त्याने कमवू नये, कमवेल त्याने शिकू नये!



या बैठकीला आलेल्या बहुतेक घरांतले एखादे लेकरू लातूरला नाहीतर नांदेडला खोली करून शिकते आहे. त्याचा खर्च कशातून भागतो, हे सांगायला कोणी अर्थशास्त्री नको. सोयाबीनच्या पट्टीतून भागतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि लातूरच्या आडतीवर माल त्याच्या खालीच गेला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले. तो फरक कोणी सोसला? बापाने सोसला, आणि महिनाअखेरीला मेसवाल्याला तोंड चुकवून फिरणाऱ्या त्याच्या पोराने सोसला.

सरकार म्हणते, आम्ही मदत करतो. करते, नाही कशाला म्हणायचे? राजर्षी शाहू महाराजांच्या नावाने शिक्षण शुल्काची योजना आहे. त्यात फीचा निम्मा भार सरकार उचलते. मुलींसाठी २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी पूर्ण माफ झाली, तेही चांगलेच झाले. पंजाबराव देशमुखांच्या नावाने अल्पभूधारक आणि मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृह निर्वाह भत्ता २०१६ पासून आहे. सुरू झाला तेव्हा तो मोठ्या शहरांत वर्षाला ३०,००० आणि आपल्यासारख्या जिल्ह्यांत २०,००० रुपये होता. आकडे सोडा. तो हातात कधी पडतो, ते ज्याच्या घरी अर्ज भरला आहे त्याला विचारा. मेसवाला दर महिन्याला पैसे मागतो, आणि सरकारचे पैसे सरकारच्या सवडीने येतात.

पण आज तक्रार उशिराची नाही. गोम दुसरीकडेच आहे.

२०२४ च्या जुलैत राज्य सरकारने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. वर्षाला दहा लाख तरुण, साडेपाच हजार कोटी रुपये. बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. आधी सहा महिने, मग मुदत अकरा महिन्यांवर नेली. आणि त्याच कागदात एक बारीक अट घातली होती: ज्याचे शिक्षण चालू आहे तो पात्र नाही. त्याच वर्षी केंद्राची पंतप्रधान इंटर्नशिप योजना आली. तेव्हा महिन्याला ५,००० रुपये होते, वय २१ ते २४. तिथेही पूर्णवेळ शिकणाऱ्याला दार बंद होते.

आता हिशेब मांडा. समजा, मुखेड तालुक्यातल्या दोन एकरवाल्याची मुलगी बारावी झाली. ती बी.एस्सी.ला गेली तर तिच्या खोलीचे आणि जेवणाचे बापाने बघायचे. ती शिक्षण सोडून ग्रामपंचायतीत कागद भरायला बसली तर सहा महिन्यांचे ३६,००० आणि अकरा महिन्यांचे ६६,००० रुपये. म्हणजे सरकारने कोणाला पैसे दिले? शिक्षण सोडणाऱ्याला! आणि बाराव्या महिन्यात काय? काही नाही. हातात एक प्रमाणपत्र, कॉलेजचे वर्ष गेलेले. २०२५ मध्ये हेच प्रशिक्षणार्थी आम्हाला कायम करा म्हणून रस्त्यावर आले. त्यांची चूक काय? त्यांना कामाला लावले, पण हातात कसब दिले नाही.

शिकता शिकता कमावणे ही काय नवीन, परदेशी गोष्ट आहे? कर्मवीर भाऊराव पाटील किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरलेले गृहस्थ. कुणब्याचे पोर पैशावाचून शाळा सोडते, हे त्यांनी बांधावर उभे राहून पाहिले होते. १९१९ साली काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली साताऱ्याला बस्तान हलवले. तिथल्या वसतिगृहातली मुले शेतात राबत, स्वयंपाक करत, आणि वर्गात पहिलीही येत. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते याच ‘कमवा आणि शिका’च्या पायावर. तिथे कोणी मुलाला सांगितले नाही की तू खडी फोडलीस, आता तुझे नाव पटावरून कमी. आज विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ नावाची योजना आहे, पण ती बहुतेक ग्रंथालयात पुस्तके लावण्यापुरती आणि आवारातली झाडे पाण्यावर ठेवण्यापुरती उरली. अण्णांचे नाव राहिले, त्यांचा हिशेब गेला.

कोणी म्हणेल, काम केले तर अभ्यास बुडतो. मग नांदेडच्या आणि लातूरच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतले इंटर्न विद्यावेतन घेतात, त्यांचे शिक्षण बुडते काय? कृषी महाविद्यालयाचे विद्यार्थी शेवटच्या वर्षी ग्रामीण कार्यानुभवासाठी गावात येतात, त्यांनाही विद्यावेतन असते. डॉक्टर आणि कृषी पदवीधर यांना जे चालते ते बी.कॉम.च्या पोराला का चालत नाही? जर्मनीत तर शिकाऊ मुलगा आठवड्यातले काही दिवस कारखान्यात आणि काही दिवस शाळेत असतो, आणि मालक त्याला पगार देतो. त्या जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी महाराष्ट्राने २०२४ साली दहा हजार कुशल माणसे पाठवण्याचा करार केला. माणसे पाठवायला जर्मनी चालते, तिथली रीत उचलायला मात्र चालत नाही.

कायदा नाही असेही नाही. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. २०१९ च्या नियमांनी तीस किंवा जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक झाले, आणि पदवीधराला किमान ९,००० रुपये ठरले. पदवीच्या अभ्यासक्रमातच अशी उमेदवारी बसवण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२० साली दिली. म्हणजे दार आहे. आपल्या दोन जिल्ह्यांत ते उघडायला कोणी जात नाही. उलट नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर वर्गांना कामावरच्या प्रशिक्षणाचे चार क्रेडिट लावले. प्रशिक्षणाची सक्ती झाली, मोबदल्याची झाली नाही. फुकट राबण्याला आता गुणही मिळतात!

इथे आपणही डोळे उघडे ठेवायला हवेत. याच कायद्याच्या १८ व्या कलमात शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे असे लिहिले आहे. मालकाला हे कलम गोड लागते. चार कायम माणसे काढायची, आठ शिकाऊ लावायचे, वर्ष संपले की नवे आठ आणायचे. शेतकऱ्याचा माल स्वस्तात नेला, आता त्याचे पोरही स्वस्तात न्यायचे. म्हणून नुसते ‘प्रशिक्षण द्या’ म्हणून भागत नाही. काय शिकवणार, कोण शिकवणार, किती देणार, हे कॉलेज, मालक आणि विद्यार्थी यांच्यात लेखी ठरले पाहिजे, आणि मोबदला विद्यार्थ्याच्या खात्यात दर महिन्याला पडला पाहिजे.

जागा नाहीत हे कारण मानू नका. लातूरच्या दाळ मिलमध्ये आपलीच तूर जाते. नांदेड जिल्ह्यात जिनिंग आहेत, साखर कारखाने आहेत, हळदीचा व्यापार आहे, धर्माबादची मिरची आहे, कृष्णूरची औद्योगिक वसाहत आहे. हरंगूळच्या रेल्वे कोच कारखान्याची पायाभरणी २०१८ साली झाली आणि २०२० च्या डिसेंबरात पहिला डबा बाहेर पडला. मालाची प्रतवारी, गोदामाची पावती, वजनकाट्याची तपासणी, आडतीचा हिशेब हे ज्या पोराला दोन वर्षांत हाताने कळेल, त्याच्या बापाला मोंढ्यात कोणी सहज फसवू शकणार नाही. व्यापाऱ्यांना ही योजना का नको वाटेल, ते यातून ओळखा.

जिल्हा बैठकीपुढे ठराव असा आहे. शिकणाऱ्याला प्रशिक्षण योजनेतून वगळणारी अट राज्य सरकारने काढावी. प्रशिक्षणाचा मोबदला मिळतो म्हणून कोणाचीही शिष्यवृत्ती, फीमाफी किंवा निर्वाह भत्ता कापू नये, आणि कामाचे तास कॉलेजच्या हजेरीत धरावेत. पेरणी आणि काढणीचे दिवस सोडून या कामाचे वेळापत्रक लावावे, कारण त्या दिवसांत पोर घरी लागते.

ठराव झाल्यावर प्रत्येक तालुक्यातल्या दोघांनी आपल्या गावाजवळच्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटावे. उमेदवारीसह पदवीचा अभ्यासक्रम तुमच्याकडे कधी सुरू करणार, आणि चार क्रेडिटच्या कामाचा मोबदला मुलांना कोण देणार, हे दोन प्रश्न विचारावेत. उत्तर लेखी घ्यावे आणि पुढच्या बैठकीला घेऊन यावे. तोंडी उत्तर आणणाऱ्याला परत पाठवले जाईल.