रिकाम्या कॉकपिटमध्ये कोण बसणार?

माझ्या भाच्याने चार महिने खपून एक विमान बनवलं. हरिकेन. दुसऱ्या महायुद्धातलं लढाऊ विमान, खऱ्याच्या एक दशांश आकाराचं. खऱ्या हरिकेनच्या पंखांचा विस्तार १२.२ मीटर, याचा १.२२ मीटर. अंग फोमशीटचं, पुढे विजेवर चालणारी मोटर, पोटात बॅटरी आणि जमिनीवर उभ्या भाच्याच्या हातात रेडिओ. कॉकपिटवरचं पारदर्शक झाकण त्याने थंड पेयाच्या बाटलीपासून केलं. लाकडाचा साचा बाटलीत घालून बाहेरून गरम हवा दिली की प्लास्टिक साच्यावर आवळून बसतं. सगळं मिळून वजन ६०० ग्रॅम.

डहाणूत ते उडवायला जागा नाही. एका बाजूला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा, आणि किनाऱ्यावर सुट्टीची गर्दी. मी तलासरी तालुक्यात शिकवते, तिथे माझ्या एका विद्यार्थ्याच्या पाड्यामागे मोठं माळरान आहे. गवत कापून झालं की सपाट. (उडवण्याआधी सरकारी नकाशावर ती जागा कोणत्या झोनमध्ये आहे ते बघून घ्या. २०२१च्या ड्रोन नियमांत अशी मॉडेलंही येतात, आणि आपल्याकडे तारापूर काही फार लांब नाही.) तर एका रविवारी आम्ही तिथे पोचलो. माझा नववीतला वारली विद्यार्थी आधीच येऊन उभा होता. त्याने विमान हातात घेतलं, उलटंसुलटं करून बघितलं, मग झाकणातून डोकावला.

"बाई, आत कोणीच नाय?"

भाचा म्हणाला, "माणसाचं वजन होतं. उगाच कशाला?"

मी हसले. पण परतताना जीपमध्ये तो प्रश्न माझ्या मांडीवर बसून डहाणूपर्यंत आला. त्यानंतर मी खूप विचार केला, या छंदाबद्दल थोडं वाचलं, आणि माझं मत बनलं. लढाऊ विमानाचं मॉडेल करायचं असेल तर त्यात माणूस बसवलाच पाहिजे. हे मत कोणाला पोरकट वाटेल, तरी मांडते.

मी भाषा शिकवते, म्हणून मला सगळं व्याकरणातून दिसतं. हा धंद्याचा दोष समजा. तीन वाक्यं बघा. 'वैमानिक बाँब टाकतो.' इथे कर्ता समोर उभा आहे, त्याला विचारता येतं की बाबा रे, का टाकतोस? 'बाँब टाकला जातो.' इथे तो दाराआड गेला. 'बाँब पडतो.' इथे तर व्याकरणाने बाँबच कर्ता झाला, जणू तो आपल्या पायांनी चालत आला. बातम्यांत आपण बहुतेक वेळा तिसरं वाक्य वाचतो. रिकाम्या कॉकपिटचं लढाऊ विमान म्हणजे ते तिसरं वाक्य. मुलाच्या हातात ते खेळणं म्हणून देताना आपण त्याला शिकवतो की ही यंत्रं आपली आपण उडतात, आपली आपण मारतात. आता खरोखरच बिनमाणसांची यंत्रं उडतात, आणि बटण दाबणारा कुठल्या तरी खोलीत खुर्चीवर बसलेला असतो. पण हरिकेनला पारदर्शक झाकण होतं, कारण आत बसलेल्याला बाहेर बघायचं होतं आणि बाहेरच्याला तो दिसत होता.

वजनाचा मुद्दा मात्र खरा आहे, तो मी उडवून लावत नाही. पहिला वैमानिक मुलांनी शाडूचा केला. छातीपर्यंतचाच, कारण कडेच्या वर तेवढंच दिसतं. वजन भरलं ६० ग्रॅम. आता हरिकेनचं आसन विमानाच्या तोलबिंदूच्या मागे येतं, आमच्या मॉडेलमध्ये ८ सेंटिमीटर मागे. साठ गुणिले आठ, चारशे ऐंशी. भागिले नवं एकूण वजन ६६०. म्हणजे तोलबिंदू सात मिलिमीटर मागे सरकला. बोटाच्या नखाएवढंही नाही, पण विमानाला ते कळतं. नाकात, तोलबिंदूच्या १६ सेंटिमीटर पुढे, ३० ग्रॅम शिसं घातलं असतं तर तोल परत आला असता. मुलांनी घातलं नाही. "थोडंसंच आहे" हे वाक्य मी वर्गातही रोज ऐकते.

विमान हातातून सुटलं, नाक वर करत गेलं, अजून वर, मग क्षणभर हवेत थांबल्यासारखं झालं आणि एका पंखावर कलंडून गवतात आलं.

आता मला जे सांगायचं आहे ते इथे आहे. त्याआधीही हे विमान दोनदा पडलं होतं. तेव्हा दोघंही धावत जाऊन पंखा तुटला का, मोटर फिरते का, हे बघायचे. या वेळी वारली मुलगा पुढे पोचला, गुडघ्यावर बसला, झाकण काढलं आणि ओरडला, "मान मोडली त्याची!" भाचा वाटेतच थांबला. पाड्यावरची एक म्हातारी गवताचा भारा घेऊन चालली होती, ती विचारते, "कोनाची मान?" हसलो आम्ही सगळे. पण पंख्याचं नाव त्यानंतर पाच मिनिटांनी निघालं. साठ ग्रॅम मातीने एवढं केलं.

घरी दुसराच प्रश्न उभा राहिला. अम्मीने तुटलेलं डोकं टेबलावर बघितलं आणि म्हणाली, "इन्सान की शक्ल बनाना ज़रूरी है क्या?" तिच्या मनात तसवीर बनवण्याबद्दलची मनाई होती, आणि ती बाजूला सारावी असं मला कधीच वाटलेलं नाही. पण मी तिला हजरत आयशांच्या बाहुल्यांची आठवण करून दिली. अबू दाऊदच्या संग्रहात ती हदीस आहे. वाऱ्याने पडदा उडतो, मागे ठेवलेल्या बाहुल्या पैगंबरांना दिसतात, आणि त्यांच्यामध्ये एक घोडा असतो, चिंध्यांचे दोन पंख लावलेला. घोड्याला पंख? असं विचारल्यावर आयशा उत्तर देतात की सुलेमानच्या घोड्यांना पंख होते, ऐकलं नाही का? आणि पैगंबर मनमोकळं हसतात. या हदीसच्या आधारे मुलांच्या खेळण्यांना अनेक उलेमांनी सूट दिली आहे, काहींनी दिलेली नाही. मी मुफ्ती नाही, शिक्षिका आहे. मला एवढंच दिसतं की उडणाऱ्या खेळण्यावरचा तो संवाद रागाचा नव्हता. अम्मी बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "चेहरा झाकता येत असेल तर झाका."

तेवढ्यात प्रश्न सुटला, कारण हरिकेनच्या वैमानिकाचा चेहरा झाकलेलाच असे. डोक्याला कातडी टोपी, डोळ्यांवर गॉगल, नाकातोंडावर मास्क, ज्यात प्राणवायूची नळी आणि बोलण्याचा माइक दोन्ही असत. आणि चेहरा लागतो कशाला? माझा विद्यार्थी ज्या मातीतला आहे तिथल्या चित्रात माणूस म्हणजे टोकाला टोक जोडलेले दोन त्रिकोण आणि वर एक गोल. नाक नाही, डोळे नाहीत. तरी तो नाचतोय, पेरतोय की झाडावर चढतोय हे लांबून कळतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली ती याच बिनचेहऱ्याच्या माणसांसाठी. त्या मुलाने पहिल्याच झटक्यात सांगितलं की वैमानिक सरळ बसवू नका, खांदा थोडा वाकडा करा आणि मान डावीकडे वळवा, "म्हंजे तो बगतोय असं दिसंल." मग मीही जरा वाचलं. या छंदातले जाणकार नेमकं हेच सांगतात. ताठ बसलेला पुतळा हवेत मेलेला दिसतो.

दुसरा वैमानिक त्यांनी कागदाच्या लगद्याचा केला. डहाणूत फुगे बनतात हे बाहेरच्यांना फारसं माहीत नसतं. अगदी छोटा फुगा, जेमतेम सुपारीएवढा फुगवून त्यावर टिश्यू पेपरचे तुकडे पातळ फेविकॉलने चिकटवले, वाळल्यावर फुगा फोडला. आतून पोकळ डोकं, उंची सव्वादोन सेंटिमीटर, म्हणजे खऱ्या माणसाच्या डोक्याचा बरोबर दहावा भाग. छाती फोमची, पट्टे जुन्या पिशवीच्या बंदाचे. स्प्रेचा रंग फोमवर मारायचा नाही, फोम विरघळतो, हे ते एक छाती विरघळवून शिकले. झाकण चिकटवायला फेविक्विक वापरायचं नाही, त्याच्या वाफेने आतून पांढरी साय धरते. पूर्ण वैमानिकाचं वजन आठ ग्रॅम. आठ गुणिले आठ चौसष्ट, आणि बॅटरी १२० ग्रॅमची. ती अर्धा सेंटिमीटर पुढे सरकवली की हिशेब मिटला. शिसं नको, काही नको. तेव्हा माणसाचं वजन परवडत नाही हे मला कोणी सांगू नये.

रंगाच्या वेळी मात्र अडलं. गाल आणि मान थोडी दिसते. दुकानातल्या बाटलीवर 'स्किन' लिहिलेलं होतं आणि आत गुलाबी रंग. परदेशातून विकत मिळणारे वैमानिकही तसेच, गुलाबी, भुऱ्या मिशांचे. भाच्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. "इंग्लिश विमान आहे ना खाला." दुसऱ्याने काही न बोलता त्यात विटकरी आणि थोडा काळा मिसळला आणि स्वतःच्या मनगटाशी लावून बघितला.

मग मी त्यांना सांगितलं की विमान इंग्लिश असलं तरी चालवणारे आपलेही होते. १९४४ साली इम्फाळच्या लढाईत अर्जनसिंग यांच्या हाताखालचं पहिलं स्क्वाड्रन हरिकेनच उडवत होतं. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हरिकेन उडवणाऱ्यांत हैदराबादचा एक विशीतला तरुण होता, इद्रिस हसन लतीफ. फाळणीच्या वेळी असगर खान आणि नूर खान या मित्रांनी त्याला तिकडे ये म्हणून फोन केले. ते दोघंही पुढे पाकिस्तानच्या हवाई दलाचे प्रमुख झाले. लतीफ इथेच राहिले, १९७८ ते १९८१ भारताचे हवाई दल प्रमुख होते, आणि १९८२पासून १९८५पर्यंत आपल्याच महाराष्ट्राचे राज्यपाल.

भाचा बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "खाला, गल्लीत आम्ही विमान-विमान खेळायचो ना, तेव्हा मला नेहमी तिकडचा पायलट करायचे. मी पडायचो."

तो हे तक्रार म्हणून सांगत नव्हता. खेळात कोणी तरी पडायलाच लागतं, असं तो म्हणाला. तेरा वर्षांचा आहे. मला त्या वेळी काहीही बोलता आलं नाही, आणि आता लिहितानाही नीट बोलता येत नाहीये.

मी त्याला लतीफांची गोष्ट दाखला म्हणून देत नाही. तो वापर मला आवडत नाही. कोणी आपल्या पोराकडे बोट दाखवलं की आपण घाईघाईने हमीदांचं, लतीफांचं, कलामांचं नाव खिशातून काढतो, जसं रेशनकार्ड काढावं. त्या माणसांनी आपलं काम केलं, आपल्या पोरांच्या वतीने हमीपत्रं लिहून ठेवली नाहीत. खेळातल्या बाकीच्या मुलांकडे कोणी असं कागदपत्र मागत नाही. पण त्या गुलाबी रंगात विटकरी मिसळल्यावर भाच्याला पहिल्यांदा असं वाटलं की त्या आसनावर आपण बसू शकतो, आणि बसलो तर पडायलाच हवं असं नाही. हे त्याला माझ्या व्याख्यानातून मिळालं नसतं. रिकाम्या कॉकपिटमधून तर नाहीच. रिकामी जागा रिकामी राहत नाही. बघणारा तिथे आपल्या मनातला माणूस बसवतो, आणि गल्लीत तो कोणता बसवला जातो ते आपण ऐकलंच.

युद्धाचं कौतुक नको, असा आक्षेप माझ्या एका सहकारी बाईंनी घेतला, तो मला पटतो. त्या म्हणाल्या, विमान पाडून पतंग करा. पण पोरगा विमानच करणार आहे, पाचवीपासून करतोय. मग निदान त्याला कळू दे की त्यात कोणी तरी बसलेलं असतं, त्याला घाम येतो, त्याची मान मोडते, आणि खाली कोण आहे हे तो बघू शकतो. ब्रह्मदेशातल्या विमानांवरच्या गोल खुणेतून लाल रंग काढून टाकला होता, कारण जपानी विमानांवर लाल गोळा असे आणि गोंधळात आपलीच माणसं आपल्या विमानावर गोळ्या झाडत. भाच्याने तेही बरोबर केलंय, निळ्यात फिकट निळा. ते करताना त्याने विचारलं, "म्हणजे रंग बघून मारायचे?" हो बाळा, रंग बघूनच.

झाकणाखाली नाव लिहायचं का, यावर दोघांचं भांडण झालं. भाच्याला 'लतीफ' हवं होतं. दुसरा म्हणाला, रंग माझ्या हाताचा आहे, मग माझं का नको? शेवटी काहीच लिहिलं नाही.

गेल्या रविवारी ते विमान सहा मिनिटं उडालं. खाली येताना जरा आपटलं, वैमानिक जागेवर होता, डावीकडे बघत. आता भाच्याला त्याची मान रडरबरोबर वळायला हवी आहे, त्यासाठी नऊ ग्रॅमची छोटी मोटर मागवायची म्हणतो. नऊ ग्रॅम म्हणजे वैमानिकाहून जड. दुसरा म्हणतो, आधी सहामाही होऊ दे, मग बॅटरी अजून पुढे सरकते का ते बघू.