वाडग्यातला फॉस्फरस

कुत्र्याच्या प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे चार लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळून त्यातील टाकाऊ द्रव्ये लघवीवाटे बाहेर काढणारे सूक्ष्म घटक, असतात. ते एकदा नष्ट झाले की पुन्हा निर्माण होत नाहीत, आणि उरलेले नेफ्रॉन त्यांचे काम अंगावर घेत असल्यामुळे हा ऱ्हास दीर्घकाळ लक्षातच येत नाही. साधारणतः दोन-तृतीयांश नेफ्रॉन निकामी झाल्यावर लघवी दाट करण्याची क्षमता जाते, कुत्रा भरपूर पाणी पिऊ लागतो, रात्री बाहेर जाण्यासाठी दार ओरबाडतो, क्वचित घरातच लघवी करतो, आणि घरची माणसे हे सारे वयाच्या खात्यावर मांडतात. स्नायूंच्या नित्याच्या कामातून तयार होणारे क्रिएटिनीन रक्तात वाढलेले दिसते ते त्याहूनही उशिरा, सुमारे तीन-चतुर्थांश नेफ्रॉन गेल्यावर. म्हणून म्हाताऱ्या कुत्र्याची तहान वाढली की लघवीची घनता तपासून घेणे ही अल्प खर्चाची आणि फार मोलाची गोष्ट ठरते.

क्रिएटिनीनचा आकडा हाती आला की घरातील चर्चा त्याभोवतीच फिरत राहते, परंतु त्याच अहवालातील फॉस्फरसच्या आकड्याकडे अधिक लक्ष जायला हवे, कारण क्रिएटिनीन केवळ झालेले नुकसान सांगते, तर साचलेला फॉस्फरस पुढचे नुकसान घडवतो, आणि तो किती पोटात जावा हे बऱ्याच अंशी घरच्यांच्या हाती असते. हे खनिज मांस, हाडे, दूध, डाळी अशा अन्नातून शरीरात येते आणि गरजेपेक्षा जास्त झालेले निरोगी मूत्रपिंड बाहेर टाकते. गाळण्याची क्षमता घटली की हाडांतून एफजीएफ-२३ नावाचे संप्रेरक, म्हणजे रक्तावाटे दुसऱ्या अवयवाला आज्ञा पोहोचवणारे द्रव्य, जास्त स्रवू लागते. ते मूत्रपिंडाला अधिक फॉस्फरस टाकायला लावते, पण त्याचबरोबर ड जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप असलेल्या कॅल्सिट्रिऑलची निर्मितीही रोखते. कॅल्सिट्रिऑल घटले की आतड्यातून कॅल्शियम कमी शोषले जाते, आणि गळ्यातील परावटू ग्रंथी ती उणीव भरून काढण्यासाठी हाडांतले कॅल्शियम रक्तात ओढू लागतात. हाडांतून कॅल्शियम निघते तेव्हा फॉस्फरसही निघतो आणि त्याची भर पुन्हा त्याच थकलेल्या मूत्रपिंडावर पडते. रक्तातील कॅल्शियमचा आकडा मात्र बहुधा ठीकच दिसतो. दोन्ही खनिजे रक्तात फार झाली की त्यांचे क्षार रक्तवाहिन्यांत, जठराच्या अस्तरात आणि खुद्द मूत्रपिंडात साचतात.

ही साखळी माणसाला समजली ती कुत्र्यांमुळेच. एदुआर्दो स्लाटोपोल्स्की आणि नील ब्रिकर यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मूत्रपिंडाची क्षमता जितक्या प्रमाणात कमी केली, तितक्याच प्रमाणात आहारातील फॉस्फरस कमी केला, आणि तसे केलेल्या कुत्र्यांत परावटू ग्रंथींचे संप्रेरक वाढले नाही. पुढे डेल्मर फिन्को यांच्या गटाने १९९२ मध्ये दाखवले, की मूत्रपिंडाचा बराचसा भाग काढलेल्या कुत्र्यांपैकी ०.४ टक्के फॉस्फरसचा आहार घेणारी कुत्री १.४ टक्के फॉस्फरस घेणाऱ्यांपेक्षा अधिक काळ जगली, तर प्रथिने १६ टक्के की ३२ टक्के याने जगण्यात तसा फरक पडला नाही. माणसांच्या मूत्रपिंड उपचारांनाही याच ज्ञानाचा आधार मिळाला. ते कुत्र्यांची मूत्रपिंडे कापून मिळवलेले आहे. त्याचा लाभ म्हाताऱ्या कुत्र्यांपर्यंत पोहोचू नये, ही गोष्ट मनाला लागते.

तो लाभ अडतो तो चांगल्या हेतूच्या सवयींपाशी. चालताना मागचे पाय लटपटू लागले की महाराष्ट्रातील कितीतरी घरांत कुत्र्याला पाया शिजवून घातला जातो, किनाऱ्याकडे भातावर सुकट टाकली जाते, आणि दुकानातून कॅल्शियमची बाटली येते. हाडाचे खनिज हे मुळात कॅल्शियम आणि फॉस्फेट यांचेच संयुग असल्याने हाडे आणि सुकट यांतून दोन्ही एकदमच पोटात जातात. बाटलीवरील घटकांची यादी वाचली तर तीतही पुष्कळदा कॅल्शियमच्या शेजारी फॉस्फरस आणि ड जीवनसत्त्व लिहिलेले आढळते. दुखऱ्या पायांसाठी माणसांची वेदनाशामक गोळी देणे तर याहून घातक, कारण तिने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठाच घटू शकतो.

दुसरी सवय म्हणजे निदान होताच चिकन बंद करून दूधभात सुरू करणे. चिकनमधील प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे साधारण ९ मिलिग्रॅम फॉस्फरस येतो, दुधातील प्रत्येक ग्रॅम प्रथिनामागे २५ मिलिग्रॅमहून अधिक. म्हणजे या बदलात प्रथिने घटतात, स्नायू झिजतात, आणि फॉस्फरस मात्र अपेक्षेइतका उतरत नाही. त्याउलट अंड्याच्या पांढऱ्यात हेच प्रमाण दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते आणि जवळजवळ सगळा फॉस्फरस पिवळ्या बलकात असतो, म्हणून भाताबरोबर उकडलेले पांढरे पशुवैद्याच्या सल्ल्याने देणे उपयोगी पडते. अर्थात घरचे अन्न समतोल राखणे कठीण असते, आणि मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी तयार केलेल्या आहाराला भक्कम आधार आहे: मिनेसोटा विद्यापीठातील, २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ३८ कुत्र्यांच्या अभ्यासात असा आहार घेणाऱ्यांना रक्तात विषारी द्रव्ये साचण्याचे झटके उशिरा आले आणि ती अधिक जगली.

या रोगाचे टप्पे ठरवणाऱ्या इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटीने फॉस्फरसची उद्दिष्टे सांगितली आहेत: दुसऱ्या टप्प्यात प्रति डेसिलिटर ४.६ मिलिग्रॅमपर्यंत, तिसऱ्यात ५ पेक्षा कमी, चौथ्यात ६ पेक्षा कमी. प्रयोगशाळेच्या कागदावर वरची मर्यादा पुष्कळदा ६ किंवा अधिक छापलेली असते, त्यामुळे ५.५ हा आकडा नजरेतून सुटतो. आहाराने तो खाली आला नाही तर फॉस्फेट बंधक, म्हणजे अन्नातील फॉस्फरस आतड्यातच धरून विष्ठेवाटे बाहेर नेणारे औषध, दिले जाते. ते जेवणातच मिसळावे लागते, उपाशीपोटी दिले तर त्याला धरायला काही उरत नाही. पोटॅशियमकडेही पाहावे लागते, कारण रक्तदाबासाठी एनालाप्रिल किंवा बेनाझेप्रिल चालू असलेल्या कुत्र्यात ते वाढून हृदयाची लय बिघडू शकते, आणि आजारी जनावराला मायेने पाजलेल्या शहाळ्याच्या पाण्यात ते भरपूर असते.

नवा आहार सलाईन लागलेली असताना सुरू करू नये, कारण त्या वेळची मळमळ कुत्रा त्या अन्नाशी जोडतो आणि पुढे त्याला तोंड लावत नाही. भूक परतल्यावर जुन्या अन्नात थोडे थोडे मिसळत काही आठवड्यांत बदल पुरा करावा. चौथ्या टप्प्यात, वाडग्याजवळ येऊन तोंड फिरवणाऱ्या कुत्र्यासाठी मळमळीवरचे औषध फॉस्फरसच्या हिशेबाआधी येते, आणि तो उकडलेल्या चिकनचे चार घास खात असेल तर ते त्याला जरूर द्यावेत. बंधक त्याच घासांत मिसळता येते.